भार न टाकता घेतलेलं माप

हरिदास खोब्रागडे जगात फक्त दोघांना मानायचा. एक त्याचं मीटर आणि दुसरी त्याची आई. आणि आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. उरलेलं सगळं रायपूर त्याच्या लेखी येडं होतं. इंजिनिअर येडे, कारण ते पुस्तकातून शिकले. ड्रायव्हर येडे, कारण ते शिकलेच नाहीत. गाडीमालक येडे, कारण ते या दोघांना पोसतात. मला तो तोंडावर ‘ताई’ म्हणायचा, पण माझ्या टाइपरायटरकडे बघून गालातल्या गालात हसायचा. मला हा माणूस बिलकूल आवडत नसे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमच्या ऑफिसात लोकांना तुच्छ लेखायचं काम आधीपासून माझ्याकडे होतं.

मी विनोदिनी काळमेघ. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात ट्रान्सपोर्ट सेक्शनची क्लार्क होते. शंकर नगरातून कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर काळी धूळ खायची आणि संध्याकाळी रुमालाला तोंड पुसून रुमाल काळा करायचा, अशी एकवीस वर्षं काढली. मी सांगते ते दोन हजार दोन सालचं आहे. नवं राज्य होऊन दोन वर्षं होत होती आणि रायपूरच्या अंगात राजधानी संचारली होती. गोल बाजारातलं साधं भांड्यांचं दुकान ‘राजधानी बर्तन भंडार’ झालं, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ‘राजधानी टायर्स’ झाला, आणि ज्याला काल कुणी विचारत नव्हतं तो आज कुणातरी सचिवाचा मामेभाऊ निघत होता. गटारं मात्र होती तिथेच होती.

आमच्या कारखान्यालाही राजधानीची लागण झाली. नागपूरहून निरंजन मुळे नावाचे नवे ट्रान्सपोर्ट मॅनेजर आले. वय तेहतीस, बूट चकचकीत, खिशाला दोन पेनं. काहीही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसायचा, ‘कुणी बिघडवलं’ हा असायचा. त्यासाठी त्यांनी एक छापील फॉर्मच करून घेतला होता. त्यात बिघाडाला एक ओळ होती आणि जबाबदार व्यक्तीला अर्धं पान.

हरिदासचा बाप भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आला आणि इथेच राहिला. हरिदास रेल्वेच्या क्वार्टरमध्येच जन्मला. बापाच्या जागी लागायची संधी आली तेव्हा त्यानं ती धाकट्या भावाला दिली. लोकांना वाटलं, केवढा त्याग. त्याग कसला, त्याला साहेब नको होता. भनपुरीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या सरदारजीकडे तो ट्रकचं वायरिंग शिकला आणि सरदारजी गेल्यावर तीच टपरी त्यानं चालवली. टपरीत बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर तो स्वतः बसायचा. गिऱ्हाइकानं उभं राहायचं. मीटर तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर तोंडाचा पट्टा सोडायचा. घरी मात्र शांत असायचा म्हणे. त्याची बायको माया शाळेत शिकवायची आणि ती बोलायला लागली की हा ऐकायचा, असं त्याचा भाऊ सांगायचा. माझा विश्वास बसला नाही.

पण त्याला काम यायचं, हे मान्य केलं पाहिजे, म्हणून तर आमच्या कारखान्याच्या गाड्यांसाठीही त्यालाच बोलवायचे. पन्नास फूट लांब गाडीत कुठे एक तार आतून तुटली आहे ते तो नुसती तार वाकवून सांगायचा. सरदारजीनं त्याला एक नियम शिकवला होता आणि तो हरिदास येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा: भार टाकल्याशिवाय मोजायचं नाही. म्हणजे तारेच्या टोकाला नुसतं मीटर लावून बघायचं नाही. तिथे मोटर, दिवा, जे काही चालायचं असेल ते चालू करून मग बघायचं. आमच्या शंकर नगरातल्या नळासारखं आहे ते. तोटी बंद असताना पाइप ठणठणीत असतो, तोटी उघडली की करंगळीएवढी धार. जो मेकॅनिक भार न टाकता मोजायचा त्याला हरिदास चारचौघांत गाढव म्हणायचा.

आमच्याकडे एक चाळीस फुटी ट्रेलर होता. कारखान्यातली जड यंत्रं एका युनिटमधून दुसऱ्यात न्यायला. त्याच्या मागच्या टोकाला लोखंडी रॅम्प होता, तो मोटरनं वर-खाली व्हायचा. त्या मोटरसाठी ट्रेलरच्या पोटाखाली पेटीत दोन बॅटऱ्या होत्या, आणि ट्रक चालू असला की ट्रकच्या इंजिनावरून एका तारेनं त्या चार्ज व्हायच्या. व्हायला हव्यात, असं म्हणू. प्रत्यक्षात दोन-चार वेळा रॅम्प उचलला की मोटर रडायला लागायची आणि रॅम्प अधांतरी. बॅटऱ्या दोनदा बदलून झाल्या. एकदा राजधानीतले कुणी बडे पाहुणे कारखाना बघायला आले, आणि नेमका तेव्हा गेटसमोर रॅम्प अर्ध्यात थांबला, वर लोडर तिरपा. पाहुण्यांची गाडी पाऊण तास उन्हात. निरंजन साहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. मी बघूनही घेतला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म निघाला. ट्रेलरचा ड्रायव्हर हिरालाल. धरसींव्याच्या पुढच्या एका गावचा, चाळिशीचा, सहा वर्षांपासून आमच्याकडे. कुणी हाक मारली की उठून उभा राहायचा, मग ती हाक दुसऱ्यालाच का असेना. साहेबांचं आधीच ठरलं होतं: हा रात्री ट्रेलरच्या बत्त्या पेटवून झोपतो, इंजिन बंद ठेवून रॅम्प चालवतो, म्हणून बॅटरी उतरते. तसं सिद्ध झालं की त्याला काढून टाकायचं आणि वर अहवाल पाठवायचा. फक्त वायरिंगमध्ये दोष नाही असं कुणा जाणकारानं सांगायला हवं होतं. जाणकार म्हणून हरिदासला बोलावलं.

तो बारा वाजता आला. मे महिना, डांबर वितळत होतं. त्यानं हिरालालला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आज मला वाटतं, त्याचं माप तिथेच घेऊन झालं होतं. इंजिन चालू करायला लावलं, ट्रकच्या बॅटरीवर मीटर धरलं: अठ्ठावीस. मग ट्रेलरच्या पेटीतली तार सोडवून तिच्या उघड्या टोकाला मीटर लावलं: जवळजवळ तेवढंच. त्यानं मीटर फडक्यात गुंडाळलं.

“वायरिंगले काईच झालं नाई, साहेब. करंट इथपर्यंत पुरा येऊन राहिला,” तो म्हणाला. “मीटर खोटं बोलत नाई. माणूस बोलते.”

रॅम्प चालू करून बघू का, असं कुणी विचारलं नाही. हिरालाल ट्रक आणि ट्रेलरमधली तार जिथे जुळते त्या प्लगपाशी घुटमळत होता, त्याला हरिदासनं बोटानं इकडे ये म्हणून खुणावलं. मी वही घेऊन उभी होते, कारण जबाब लिहायचा होता.

मग हरिदासनं प्रश्न विचारले. रॅम्प चालवताना इंजन बंद ठेवत असशील ना? हिरालाल म्हणाला, हव. रात्री मागच्या बत्त्या जळत राहत असतील? हव. पहिल्या बॅटऱ्या अशाच गेल्या ना? हव. तुले सांगितलेलं समजत नाही का? हव. साहेब माझ्याकडे बघून हसले. मी सगळं लिहिलं आणि आत जाऊन हिंदीत टाइप केलं: चालक ने सबके सामने स्वीकार किया कि वगैरे. माझी भाषा कारखान्यात नावाजलेली होती. ‘घोर लापरवाही’ हा शब्द मी स्वतःच्या पदरचा घातला, कारण त्याशिवाय वाक्य जरा आखूड वाटत होतं. हिरालालनं कागदाखाली सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. साहेबांनी त्याला घरी पाठवलं; काढल्याचं पत्र आठवड्यात वरून मंजूर होऊन येणार होतं.

छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे होय, हे रायपुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही तर तीन पिढ्या इथे काढलेली मराठी माणसं. आणि तरीही सांगते, साहेबापुढे उभा असलेला माणूस जेव्हा ‘हव’ म्हणतो तेव्हा तो होय म्हणत नसतो. ऐकलं, आता पुरे करा, एवढंच म्हणत असतो. हेही आम्हाला माहीत होतं. पण भाजीवालीशी बोलताना माहीत असणं वेगळं आणि जबाब लिहिताना माहीत असणं वेगळं.

दोन दिवसांनी हिरालाल गाडीतलं त्याचं सामान न्यायला आला. एक चादर, पाण्याचा डबा, कंगवा. मी त्याला विचारलं, गाडीच्या चाव्या स्टोअरमध्ये जमा केल्यास ना? हव, दीदी. मी स्टोअरला फोन लावला, तर चाव्या नव्हत्या. मी भडकले. म्हणजे जमा नाही केल्या? हव. घरी नेल्यास? हव. आता माझी सटकली. त्या दुपारी पंखाही बंद होता.

“हिरालाल, तू ट्रेलर पे हाथी चढ़ाया था क्या?” मी विचारलं.

“हव, दीदी,” तो खाली बघत म्हणाला. चाव्या त्याच्या हातातच होत्या, माझ्यापुढे धरलेल्या. मी बघितलंच नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. टेबलावरच्या फाइलमध्ये तो जबाब होता, चार ‘हव’ आणि त्यावर माझी झकास हिंदी. मी त्याला स्टुलावर बसवलं. तो बसेना, तर ओरडून बसवलं. पाणी दिलं. मग मी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर ‘हव’ होऊ शकत नव्हतं, आणि असा प्रश्न त्या माणसाला आमच्यापैकी कुणीच कधी विचारला नव्हता. मी विचारलं, त्या गाडीत नेमकं होतं काय, तूच सांग.

त्यानं डब्याचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग बोलला.

“इंजन चालू रथे, दीदी. रेंप उठाथन त पलग ह तात हो जाथे. हाथ नइ धरे जाय.”

इंजिन चालूच असतं, रॅम्प उचलला की प्लग तापतो, हात लावता येत नाही. त्यानं पुढेही सांगितलं: दिवसा तापतो, रात्रीही तापतो, ट्रकच्या बॅटरीशी काही होत नाही, फक्त मागची बसते, पाऊस पडून गेल्यावर जरा बरं चालतं. सहा वर्षं त्याच गाडीवर काढलेल्या माणसाला जे माहीत असणार ते सगळं त्याला माहीत होतं. आधी काहून नाही सांगितलं, म्हणून मी चिडून विचारलं. तेव्हा तो म्हणाला, कोनो पूछबे नइ करिन. कुणी विचारलंच नाही.

त्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून भनपुरीला उतरले. हरिदास त्याच्या एकुलत्या स्टुलावर बसून कुणा ड्रायव्हरची लाज काढत होता. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तो हसला. त्या हव-हववाल्याचं तुम्ही ऐकून राहिल्या का ताई, म्हणाला, तुम्ही आपली टाइपिंग करा, तार माझ्यावर सोडा. मला जे झोंबलं ते मी तसंच परत दिलं.

“हरिदासभाऊ, तुमी रॅम्प चालू करून मोजलं होतं काय?”

त्याच्या हातात पक्कड होती, ती त्यानं खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. समोरचा ड्रायव्हर एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या माणसाचं तोंड पहिल्यांदा बंद झालं होतं आणि ते मी केलं होतं. हिरालालची आठवण मला बसमध्ये बसल्यावर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत हरिदास कारखान्यात हजर होता. इंजिन चालू केलं, मला रॅम्पचं बटण दाबून धरायला लावलं आणि स्वतः मागच्या पेटीशी बसला. ट्रकपाशी सत्तावीस होतं. पेटीत मीटर घसरत घसरत बावीसवर आलं. पाच व्होल्ट वाटेत खर्च होत होते. तो उठून प्लगपाशी गेला, प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला, आणि या वेळी जरा जास्त वेळ धरून ठेवला. काहून, ते मला माहीत नाही.

त्यानं मग सगळी तार खोलली. ट्रेलर बनवणाऱ्यानं चार्जिंगची वेगळी तार टाकलीच नव्हती. मागच्या दिव्याला जाणारी बारीक तार तिथेच फोडून बॅटरीला जोडली होती. आणि परतीची तार तर नव्हतीच. करंट परत यायचा तो लोखंडातून, म्हणजे जिथे ट्रेलर ट्रकवर टेकतो त्या ताटातून, आणि त्या ताटावर इंचभर ग्रीस. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ट्रेलरला नवा रंग मारून घेतला होता, तोही बोल्टांखाली गेलेला. हरिदासनं रॅम्प चालू ठेवून मीटरची एक सुई ट्रकच्या सांगाड्याला आणि दुसरी ट्रेलरच्या सांगाड्याला लावून मला दाखवली. काहीच यायला नको होतं, तिथे दोन व्होल्ट आले. “मीटरनं त्या दिवशी बी खरंच सांगितलं असतं,” तो म्हणाला, “मी विचारलंच नाई त्याले.” इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ‘मी’ आणि ‘नाई’ हे दोन शब्द एका वाक्यात प्रथमच ऐकले.

निरंजन साहेब आले. त्यांना दुरुस्ती हवी होती, पण अहवाल बदलायचा नव्हता. दोष सापडला हे छानच झालं, ते म्हणाले, पण ड्रायव्हरनं कबुली दिली आहे, सही केली आहे, कागद वर गेला आहे. आता दोष वायरिंगचाही होता आणि माणसाचाही होता असं समजू. त्यांचं म्हणणं मला ओळखीचं वाटलं. मीही अशीच वाक्यं रोज टाइप करत होते.

हरिदास हात पुसत उभा राहिला. मला वाटलं, आता हा मान हलवून कामाला लागेल. मोठं काम होतं, आणि साहेबाला दुखवून भनपुरीत टपरी चालवणं सोपं नव्हतं. तो म्हणाला, “चूक माझी आहे, साहेब. ती हिरालालच्या नावावर कशी चढवता? तेवढी त्याची लायकी नाई.”

क्षमा मागतानाही समोरच्याला खाली दाबल्याशिवाय या माणसाला चैन पडत नव्हतं. साहेब म्हणाले, तसं असेल तर लेखी द्या. त्यांना खात्री होती की हा देणार नाही. हरिदासनं माझ्याकडून कागद घेतला आणि जाडजूड अक्षरांत हिंदीत लिहिलं: मी भार न टाकता मोजलं. माझी तपासणी चूक होती. चालकाचा दोष नाही. खाली सही, तारीख. मग तो म्हणाला, हा कागद वर जाईपर्यंत मी प्लायर उचलत नाही. ट्रेलर नसल्यानं दुसऱ्या युनिटचं काम तीन दिवस अडलं होतं आणि तो ट्रेलर हरिदासखेरीज कुणी उभा करू शकत नव्हतं, म्हणून साहेबांचं न्यायप्रेम जागं झालं. कागद गेला. हिरालालला परत घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. त्यात ‘घोर’ वगैरे काही नव्हतं.

मग हरिदासनं दोन दिवस काम केलं, आणि ते काम मी जेवणाची सुट्टी खर्चून बघितलं. वेल्डिंगला वापरतात ती अंगठ्याएवढी जाड केबल त्यानं ट्रकच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या पेटीपर्यंत नेली, एक जायची आणि एक परत यायची. ग्रीसच्या ताटावर आता काही अवलंबून नव्हतं. मधला प्लग त्यानं एका भंगारातल्या फोर्कलिफ्टचा काढून लावला, मुठीएवढा. एक रिले बसवली, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्हीकडच्या बॅटऱ्या जोडल्या जातील आणि गाडी उभी असताना मागची पुढचीला रिकामं करणार नाही. फ्यूज दोन्ही टोकांना टाकले. एकच का पुरत नाही, हे त्यानं मला न विचारता समजावलं: तार मध्येच कुठे घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, आग दोन्हीकडून लागेल. समजावताना तो माझ्याकडे बघून हसला नाही. शेवटी रॅम्प वीस वेळा वर-खाली केला. प्लग गार, मीटर सव्वीसच्या खाली गेलं नाही.

पण हिरालाल येईना. पत्र गेलं, मग गावाकडच्या एका मजुराबरोबर निरोप गेला. काही उत्तर नाही. साहेब म्हणाले, बघा, याला नोकरीची कदरच नाही. रविवारी हरिदास स्कूटर घेऊन शंकर नगरात माझ्या दाराशी उभा राहिला. त्याच्या खिशात त्या लेखी कागदाची नक्कल होती. तो म्हणाला, चला ताई, त्याले दाखवून येऊ म्हणजे त्याची खात्री पटेल. माझ्या मनात आलं, याला आपला मोठेपणा मिरवायचाय. मलाही मिरवायचा होता. गेलो.

धरसींव्यापुढे डावीकडे वळल्यावर त्याचं गाव, आणि गावाच्या टोकाला तलावाकाठी त्याचा पारा, म्हणजे वस्ती, दहा-बारा घरं. हिरालाल अंगणात नांगराचा फाळ ठोकत होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. त्याच्या बायकोनं खाट टाकली, पाणी आणलं. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी येऊन थांबली. हरिदासनं खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, देख ले. आवाज त्याचा नेहमीचाच होता.

हिरालालनं कागद घेतला. उलटा करून बघितला, मग सुलटा केला, आणि परत दिला.

“मोला पढ़े बर नइ आवय,” तो म्हणाला. “तुमन पढ़ के सुना दव.”

त्याला वाचता येत नव्हतं. सही येत होती, तेवढीच शिकलेला. हरिदासनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लिहिणं सोपं गेलं होतं त्याला, एका साहेबाच्या नाकावर टिच्चून. आता दहा-पंधरा माणसं कुंपणाशी उभी होती आणि ते मोठ्यानं म्हणायचं होतं. तो उभा राहिला. मैंने बिना लोड के नापा, असं त्यानं वाचलं. मेरी जाँच गलत थी. चालक का दोष नहीं है. तिसरं वाक्य तो घाईत म्हणून गेला आणि त्यानं ते पुन्हा वाचलं, नीट. वाचून झाल्यावर बसायला त्यानं खाट शोधली नाही, तिथेच जमिनीवर बसला.

हिरालालनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली नाही, हव म्हणाला नाही. मग तो माझ्याकडे वळला.

“अऊ जेमा मोर दसखत कराय रहेव, ओमा का लिखे रहेव, दीदी?”

ज्या कागदावर माझी सही घेतली, त्यात काय लिहिलं होतं. त्याची बायको लोटा हातात धरून थांबली होती. मला तो कागद तोंडपाठ होता. मीच रचला होता, आवडीनं. मी सांगायला लागले, अडखळत, माझ्या तुटक्याफुटक्या छत्तीसगढीत: की तू रात्री बत्त्या जळत ठेवून झोपतोस, की तू इंजिन बंद करून रॅम्प चालवतोस, की दोन बॅटऱ्या तू घालवल्यास. ‘घोर लापरवाही’ला छत्तीसगढीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून तो शब्द तसाच हिंदीत म्हटला. कुंपणाशी कुणीतरी तो हळूच पुन्हा उच्चारून बघितला.

हिरालाल खरंच आपण असं काही बोललो होतो का ते आठवून बघत होता.

“अइसन तो मैं नइ कहे रहेंव,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “तू नव्हतं म्हटलं. ते मी लिहिलं.”